पहिल्या रांगेची पानं

माझ्या गाईडला मी समोर 'मॅडम, तुम्ही' म्हणायचे. मनात ती 'ती'च होती. इतकी वर्षं झाली तरी मनातलं काही बदललेलं नाही, त्यामुळे इथेही ती तीच राहील. ज्यांना हे खटकेल त्यांनी स्वतःच्या गाईडबद्दल आदराने लिहावं.

दोन हजार दोनच्या सुमारास मी चेन्नईला गेले. त्याआधी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. पीएच.डी.साठी तीन वर्षांची बिनपगारी रजा मिळाली होती, तीही नाकदुऱ्या काढून. रजेच्या पत्रात प्राचार्यांनी स्वच्छ लिहिलं होतं की तीन वर्षं संपताना प्रबंध सादर केल्याचा दाखला आणला नाही, तर जागा भरली जाईल. आमच्याकडे एकदा भरलेली जागा माणूस निवृत्त होईपर्यंत रिकामी होत नाही. तेव्हा हिशेब सोपा होता. वेळेत प्रबंध झाला तर पदवीही आणि नोकरीही, नाहीतर दोन्ही हातांत नारळ.

विषय होता तिवर. कोकणात खाडीच्या चिखलात उभं असतं ते झाड. अमेरिकेच्या किनाऱ्यावर त्याची एक चुलत बहीण आहे, तिला तिकडे ब्लॅक मॅन्ग्रोव्ह म्हणतात. दोघींच्या खोडी सारख्या. चिखलात हवा नसते म्हणून मुळांची पेन्सिलीएवढी टोकं वर काढायची आणि त्यांतून श्वास घ्यायचा, बी झाडावर असतानाच आतल्या आत रुजवून ठेवायचं, आणि खाऱ्या पाण्यात पाय सोडून वर हिरवंगार दिसायचं. लोकांना वाटतं याला मीठ आवडतं. आवडतं कसलं, सोसतं बिचारं. मुळं पाणी ओढताना बरंचसं मीठ दारातच अडवतात. तरीही जे आत घुसतं ते पानांपर्यंत पोचतं आणि पानांवरच्या बारीक ग्रंथी ते बाहेर टाकतात. उन्हाने पाणी उडतं, पानावर पांढरी कणी राहते. पाणी जितकं खारं, तितकी कणी दाट.

मुलाखतीत तिने मला पहिलाच प्रश्न विचारला, "तिवर कुठें पाहिलेंस गे?" मी म्हटलं, घरामागे. लहानपणी आम्ही कैरी चोरायचो, पण मीठ घरून आणायचं म्हणजे चोरी उघडी पडायची. मग खाडीवर जाऊन आधी तिवराचं पान चाटायचं आणि वर कैरीचा घास घ्यायचा. ती हसली. तिला हसताना मी पाहिलं ते तेवढंच, आणि त्या हसण्यावर भाळून मी तीन वर्षं तिच्या हाती दिली.

ती तंजावरच्या मराठी घरातली. तिची मराठी जुनी, अनुनासिक, आणि चाल पूर्ण तमिळ. माझ्या मराठीला ती नाकं मुरडायची. "तुमची मराठी काल आली गे. आमची इथें तीनशें वर्षें आहे." मी हॉस्टेलवर आल्यावर उशीवर बुक्के मारून म्हणायचे, तीनशे वर्षांत सरळ बोलायला नाही शिकलात. सकाळी तिच्या खोलीत कॉफीचा वास सुटलेला असायचा. पितळी डबऱ्यात ती कॉफी वरखाली ओतत बसायची आणि मी समोर उभी राहून आठवड्याचं काम सांगायचे. तीन वर्षांत तिने मला एक घोट विचारला नाही.

तिची काम करायची एक रीत होती आणि डिपार्टमेंटमधल्या सगळ्यांना ती पाठ होती. लिहिलेलं तपासायला दिलं आणि ते लाल शाईने भरून परत आलं, तर पेढे वाटावेत. कारण दुरुस्त करण्यालायक असेल तेवढंच ती दुरुस्त करायची. ज्यात मुळातच खोट असेल ते कागद ती कोरे परत द्यायची. एक अक्षर नाही, एक रेघ नाही. कुठे चुकलं ते ज्याचं त्याने शोधायचं. याला तिथे मोठी शिस्त म्हणत. मी याला छळ म्हणते.

अड्यार नदीच्या मुखाशी गुडघाभर चिखलात उतरून मी तिवराची रुजलेली बियाणं गोळा केली आणि कॉलेजच्या गच्चीवर पारदर्शक पत्र्याखाली कुंड्यांच्या पाच रांगा लावल्या. प्रत्येक कुंडी पाण्याच्या तसराळ्यात उभी. पहिली रांग गोड्या पाण्याची, शेवटची निव्वळ समुद्राच्या पाण्याची, मधल्या तीन चढत्या खारटपणाच्या. झाडाला मीठ लागतंच का, की ते नुसतं सोसतं, एवढंच मला सिद्ध करायचं होतं, आणि सगळं उभं होतं त्या पहिल्या रांगेवर. गोड्या पाण्यात काय होतं हे माहीत नसेल तर बाकीच्या चार रांगांची तुलना कशाशी करणार?

खाऱ्या रांगांचं पाणी मी दर आठवड्याला यंत्राने मोजायचे आणि कमीजास्त झालं तर सारखं करायचे. पहिल्या रांगेचं कधी मोजलं नाही. गोड्यात काय मोजायचं? पहिल्याच दिवशी पंपावरच्या म्हाताऱ्याने गच्चीवरच्या नळाकडे बोट करून सांगितलं होतं, "नल्ल तण्णी." चेन्नईत राहिलेल्याला हे दोन शब्द आईबापाच्या नावासारखे पाठ होतात. नल्ल तण्णी म्हणजे प्यायचं चांगलं पाणी, आणि उप्पु तण्णी म्हणजे बोअरचं खारं. हॉस्टेलवर आंघोळीला खारंच असायचं. साबणाला फेस यायचा नाही आणि केसांचा काथ्या झाला होता. पण गच्चीवरचा नळ चांगल्याचा. तिथे माझी खात्री होती.

आता पंपावरच्या म्हाताऱ्याचं सांगते, कारण पुढे जे झालं त्याला आमचं भांडण कारण आहे. दर सोमवारी सकाळी मी गच्चीवर जायचे तेव्हा मोजायचं यंत्र मी ठेवलेल्या जागी नसायचं. कधी डावीकडे सरकलेलं, कधी त्याची कांडी ओली. गच्चीची दुसरी किल्ली पंपवाल्याकडे. दुसऱ्या महिन्यात मी त्याला चारचौघांत झापलं, माझ्या मोडक्या तमिळमध्ये आणि धडधडीत मराठीत. त्याने शांतपणे सांगितलं की त्याने हात लावलेला नाही. मी म्हटलं, मग काय भूत येतं? तेव्हापासून तो माझ्याशी बोलेनासा झाला. मलाही गरज नव्हती. नाकाने कांदे सोलायची सवय मला चेन्नईने नाही लावली, ती घरूनच आणली होती.

तिसऱ्या महिन्यात शहराचं पाणी आटलं. त्या वर्षी चेन्नईत पाण्यासाठी जे झालं ते पाहिलेल्याला सांगायला नको आणि न पाहिलेल्याला पटणार नाही. लॉरी आली की रंगीत प्लास्टिकच्या घागरी घेऊन बायका धावायच्या, मधल्या वेळात घागरीच रांगेत उभ्या असायच्या. कॉलेजच्या टाकीतलं चांगलं पाणी संपल्यावर पंपवाल्याने सगळ्या नळांना बोअर जोडली, ती पुढे सुटलीच नाही. मग खालपासून वरपर्यंत एकेका प्रयोगशाळेत जाऊन त्याने सांगितलं की आजपासून नळाला खारं येईल, प्रयोगाला वापरू नका. गच्चीवर तो आला नाही. गच्चीवर मी होते.

मी प्यायला कॅनचं पाणी नेत होते. नळाचं पाणी चाखायचं कारण पडलं नाही. तसराळ्यातलं पाणी उडून कमी झालं की त्याच नळाचं पाणी ओतून भरायचे. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, वर पुन्हा खारं ओतलं जातं. हे मी अकरावीच्या पोरांना शिकवलं होतं.

आणि पानं. यावर मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही. पहिल्या रांगेच्या पानांवर पांढरी भुकटी दिसायला लागली. खाऱ्या रांगांच्या पानांवर पांढरं दिसलं की मी ते जपून धुऊन, वाळवून, तोलून वहीत लिहायचे, कारण ते मीठ. पहिल्या रांगेच्या पानांवर पांढरं दिसलं की मी ओल्या फडक्याने पुसून टाकायचे, कारण ती धूळ. शेजारी इमारत उठत होती, सिमेंट उडत होतं. गोड्या पाण्यातल्या झाडावर मीठ येईलच कुठून? दर दोन दिवसांनी एकेक पान दोन्ही बाजूंनी पुसायचं, अगदी देवाची उपकरणी पुसावीत तसं. आमच्या घरची स्वच्छता. झाड मला रोज सांगत होतं आणि मी रोज त्याचं तोंड पुसून पुढे जात होते.

रोपं पहिले काही आठवडे आपल्या दोन जाड बीजदलांतल्या शिदोरीवर जगतात, तोवर त्यांना बाहेरच्या मिठाशी फारसं देणंघेणं नसतं. खरं काय ते पुढे दिसतं. माझी पहिली रांग पुढे सगळ्यांत जोमाने वाढली. पुस्तकं म्हणत होती की निव्वळ गोड्या पाण्यात तिवर रखडतं, थोड्या मिठावर जास्त खुलतं. माझी झाडं पुस्तकाला खोटं पाडत होती. आनंदाने मला झोप येईना. तिवराला मीठ लागतच नाही, ते मुळात गोड्या पाण्याचं झाड आहे, परिस्थितीने खाडीवर गेलेलं, असं एक लांबलचक प्रकरण मी लिहिलं. रजा संपायला चार महिने राहिले होते. प्रकरण तिच्या टेबलावर ठेवून आले तेव्हा मला वाटलं, आता बघू ही काय बोलते.

चार दिवसांनी कागद परत आले. कोरे.

मी तशीच तिच्या खोलीत गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. म्हटलं, "मॅडम, निदान कुठे चुकलं ते तरी सांगा. माझ्याकडे चार महिने आहेत." तिने डबरा खाली ठेवला, पिशवी काखेला मारली आणि जिना चढायला लागली. साठीला आलेली बाई, गुडघे धरून चढत होती. मी मागून. गच्चीवर पंपवाला टाकी उघडून बसला होता, त्याने आमच्याकडे पाहून मान वळवली.

ती पहिल्या रांगेपाशी थांबली. मी आदल्याच दिवशी पुसलेलं एक पान तिने धरलं, वाकली आणि चाटलं. मग कुंडी उचलून माझ्यासमोर धरली.

"चाट."

मी म्हटलं, मॅडम, हे काय.

"कैरी नाहीं म्हणून चाटत नाहींस?"

मी चाटलं. जिभेला जे लागलं ते चाळीस वर्षांनीही ओळखेन. माझ्या घरामागची खाडी होती ती. एका दिवसात पान पुन्हा खारट झालं होतं. मी तसराळ्यात बोट बुडवून चाटलं, नळ सोडून ओंजळ प्यायले, आणि तिथेच कठड्याला टेकून खाली बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, माझा कळसा तर मी रोज घासूनपुसून ठेवत होते. गोडी रांग नव्हतीच. तीन वर्षांत ती फार तर तीन महिने होती. बाकी सगळा काळ त्या तसराळ्यांत किती मीठ होतं ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण ते मोजलेलं नव्हतं, आणि न मोजलेली रांग प्रबंधात घेता येत नाही. पुन्हा सुरुवात करायची तर आणखी दोन वर्षं. म्हणजे संपलंच. मला प्राचार्यांचं पत्र दिसत होतं आणि माझ्या खुर्चीवर बसलेलं कुणीतरी दिसत होतं.

मी रडले. तिच्यासमोर रडायचं नाही अशी शपथ घेतली होती, तीही गेली.

तिने काखेतल्या पिशवीतून एक पातळ वही काढली. पिशवीतलं पेन काढून उभ्या उभ्या शेवटच्या पानावर काहीतरी लिहिलं, वही माझ्या मांडीवर टाकली आणि जिना उतरून गेली.

वहीत पहिल्या रांगेच्या प्रत्येक तसराळ्याचा खारटपणा होता. दर सोमवारचा, एकही सोमवार न चुकता. मी दहाला यायचे, ती सातला येऊन मोजून जायची. यंत्र तीच हलवायची. पंपवाल्याने सांगितलं ते खरं होतं. आणि पहिली नोंद होती मी कुंड्या लावल्या त्याच्या दुसऱ्याच सोमवारची. तेव्हा पाणी खरंच गोडं होतं. म्हणजे संशय यावा असं काही घडण्याआधीच तिचा माझ्यावर विश्वास नव्हता.

तिसऱ्या महिन्यात आकडा उडी मारतो. तिथे समासात तिच्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "आज तिला कळेल." पुढच्या सोमवारी आकडा आणखी वर, आणि समासात, "अजून नाहीं." त्याच्या पुढच्या सोमवारी, "अजून नाहीं." पान उलटलं, अजून नाहीं. मी फडकं घेऊन पानं पुसत होते तो सगळा काळ त्या समासात होता. शेवटच्या पानावर नुकती शाई होती, "कळलें."

मी वही घेऊन तिच्या खोलीत गेले आणि पहिल्यांदा, तोंडात 'तुम्ही' असूनही, तिच्याशी आदराने बोलले नाही. म्हटलं, दोन वर्षांहून जास्त काळ तुम्हाला माहीत होतं. एका शब्दाने सांगता आलं असतं. मी पानं पुसताना तुम्ही पाहत होतात.

ती म्हणाली, "मीं सांगितलें असतें तर तुला तें माझ्याकडून कळलें असतें. झाडाकडून नाहीं."

"माझी नोकरी गेली असती."

"म्हणून मोजलें," ती म्हणाली, आणि कॉफी ओतायला लागली.

 बुडणाऱ्याकडे बघत काठावर दोर धरून बसणाऱ्याला देव म्हणायचं की राक्षस? मी आता शिकवते. मुलीची कुंडी चुकीच्या पाण्यात दिसली की तिथल्या तिथे सांगते, पोरीला वाईट वाटलं तरी. गेल्या साली एकीला असंच सांगितलं, तर पुढच्या सहामाहीत तिने तीच चूक पुन्हा केली. मी पुन्हा सांगितलं. सोमवारी सात वाजता उठून कुणाच्या चुका मोजत बसणं माझ्याने होणार नाही, आणि व्हावं असंही वाटत नाही.

त्या वहीवर माझा प्रबंध उभा राहिला. पहिली रांग गोड्याची नाही, सौम्य खाऱ्याची ठरली. तिच्यात किती मीठ होतं ते सोमवारवार लिहिलेलं होतं, आणि थोड्या मिठावर तिवर खुलतं हे पुस्तकांनी सांगितलेलं माझ्या झाडांनीही सांगितलं. तिवराला मीठ लागतच नाही, ही माझी शेखी कचऱ्यात गेली. किती सोसतं, तेवढंच राहिलं. मोजमापं कुणी घेतली ते तळटीपेत लिहिलं. पंपवाल्याकडे जाऊन मी माफी मागितली. तो म्हणाला, सोमवारी मॅडम येतात हे त्याला माहीत होतं, पण तुम्ही विचारलं कुठे, तुम्ही तर झापलं. 

चार महिने मी नुंगंबाक्कमच्या एका टायपिंगच्या दुकानात जवळजवळ राहायलाच गेले. पूर्ण प्रबंध तिच्याकडे दिला आणि तो लालेलाल होऊन परत आला. पानापानावर रेघा, बाण, गोल. त्या दिवशी मी दुकानदाराला पेढे नेले, त्याला कारण कळलं नाही.

सुरुवातीला आभाराचं पान असतं. मी तिथे सगळे लिहितात तेच वाक्य इंग्रजीत लिहिलं होतं, की गाईडच्या मोलाच्या मार्गदर्शनाबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. त्या वाक्यावर तिने एकच सरळ लाल रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, "हें खोटें. तळटीप खरी आहे, ती ठेव."

मी ते वाक्य काढून टाकलं, कारण ते खोटंच होतं. रजा संपायच्या आत दाखला घेऊन मी घरी आले आणि माझ्या खुर्चीवर बसले. वही मात्र तिला परत दिली नाही, आणि तिनेही कधी मागितली नाही.